मुठीच्या तांदळाचा वास

चूल पेटली की आधी मूठ, मग आधण. लुंगपार गावात पोरीबाळींना हे शिकवावं लागत नसे. आईच्या काखेत बसून त्या बघतच वाढत. आई शिजवायचे तांदूळ डब्याने मोजून टोपलीत घ्यायची आणि धुण्याआधी त्यातलीच एक मूठ उचलून चुलीशेजारच्या मडक्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. ती देवाची. शनिवारी आळीतल्या बायका पिशवी घेऊन दारोदार फिरायच्या, मडकी रिकामी करून तांदूळ चर्चमध्ये पोचवायच्या. पाळकांचं घर त्यावर चाले, शाळेचं छप्पर त्यावर चढलं होतं. बायका फिरताना गुणगुणायच्या,

मूठ काढिते मी मूठ
भात शिजायाच्या आधी
ज्याच्या पावसाने पिकलं
त्याची आठवण साधी

पी पारतियालचा आवाज त्यात सगळ्यांत गोड. गावात थोर बाईला मानाने पी म्हणत, बाप्याला पु. पन्नाशी उलटली तरी गळा तसाच. तिच्या नवऱ्याचं गावात एकुलतं दुकान होतं, म्हणून आळीची पिशवीही तिच्याच खांद्याला. बायका म्हणायच्या, ज्या हाताला मापाची सवय तोच बरा. फेरी तिच्या दारी संपायची. बाकीच्या बायका पायरीवर टेकायच्या, ती आत जाऊन आपलं मडकं पिशवीत उपडं करायची, तोंड बांधायची आणि पिशवी घेऊन बाहेर यायची. तिच्या मडक्याकडे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. कशाला पाहतील? भरलेलंच असायचं.

त्या वर्षी डोंगरातल्या बांबूला फुलं आली. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. फुलांमागून बी आलं आणि बियांमागून उंदीर. पन्नास वर्षांत एकदा येतात, पण येतात ते नदीसारखे. एका आठवड्यात डोंगरउतारावरचा उभा भात गेला, मका गेला, कणग्या पोखरल्या गेल्या. मग तांदूळ खालच्या खोऱ्यातल्या कलेम्यो शहरातून लॉरीने येऊ लागला आणि दुकानापुढे उतरू लागला.

त्यातलंच एक पोतं नासलं. लॉरीत रॉकेलच्या पिंपाला टेकून आलं होतं. वळणावळणाचा रस्ता, पिंपाचं बूच सैल. पोतं उघडलं तेव्हा पारतियालचा नवरा, पु झालियान, मागे सरला.

"विकलं तर लोक दुकान पेटवतील," तो म्हणाला. "आणि पेटेलही चटकन."

पारतियालने ते तांदूळ चटईवर पसरून तीन दिवस उन्हात घातले. पाखडले. वास मेला नाही, नुसता लपला. हाताला लागला की वर यायचा. शेवटी तिने एक पातेलं शिजवून डुकरापुढे ओतलं. डुकराने नाक लावलं, मान फिरवली आणि कोपऱ्यात जाऊन बसलं.

पोतंभर तांदूळ, आणि असल्या वर्षात. टाकवेना. परसातल्या मांडवात ते उभं राहिलं. जाता-येता तिला दिसायचं, आणि दिसलं की जीव तुटायचा. मग एका शनिवारी सकाळी ती मुठीच्या मडक्याशी बसली. आठवडाभर दुकानात गर्दी होती, मूठ काढायची राहून गेली होती. चौदा मुठी एकदम काढायच्या होत्या. घरातला चांगला तांदूळ पांढरा, लांब, मोत्यासारखा; तिचा हात त्यावर थबकला. तसाच उठून मांडवाकडे गेला. हातच गेला, असं तिने पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. जणू हाताला वेगळे पाय होते.

तिने मनाशी हिशेब जुळवला. शंभर घरांचा तांदूळ चर्चच्या पेटीत एकत्र होतो. शंभरांत माझ्या चौदा मुठी म्हणजे विहिरीत चिमूटभर हळद. कुणाला कळणार? पुढच्या शनिवारीही तिने तेच केलं. त्याच्या पुढच्याही. आणि गाताना गळा जरासुद्धा चिरकला नाही.

तिला एक ठाऊक नव्हतं. त्या वर्षी पेटी भरतच नव्हती. चर्चचे पंच पु थांगबिक आळ्यांच्या पिशव्या तशाच उचलायचे आणि ज्यांच्या कणग्यांत उंदरांनी दाणा ठेवला नव्हता त्यांच्या दारी दिवेलागणीला ठेवून यायचे. हाक नाही, नाव नाही. घेणाऱ्याला मान खाली घालायला लागू नये, म्हणून कुठली पिशवी कुठे गेली हे ते बायकोलाही सांगत नसत. आणि वासाचं म्हणाल, तर पु थांगबिकांना तंबाखूशिवाय कशाचाच वास येत नसे.

चौथ्या शनिवारी फेरी निघाली. पुढे महिला मंडळाची अध्यक्ष पी वानजिंग, काठीसारखी ताठ. मागे सुईमेन, जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्यांच्या मागे पिशवी घेऊन पारतियाल. आळीच्या टोकाला तिनसुंगचं घर. तिनसुंग विधवा, चाळिशीची. लॉरीवरचा माल दुकानात वाहून आणायचं काम तिचं. कपाळाला पट्टा लावून पाठीवर टोपली घ्यायची. पट्ट्याने कपाळावर कायमची खाच पडली होती. घरात ती आणि तिची बहिरी सासू, दोघीच.

तिनसुंगने मडकं आणून पुढे केलं. मडकं कसलं, दुधाचा जुना डबा. पी वानजिंगने तो पिशवीत ओतायला उचलला आणि तिचा हात वाटेतच थांबला.

"तिनसुंग, हे काय गं?"

"काय, पी?"

"वास घे. रॉकेल आहे हे."

सुईमेनने डब्यात नाक घातलं. "अगंबाई! देवाला जेवायला बोलावलंयस की दिवा लावायला?"

"सुईमेन," पी वानजिंग दटावून म्हणाली, पण ओठांच्या कडेला हसू आलंच.

पारतियालला वास घ्यायची गरज नव्हती. डब्याच्या काठावर चार दाणे चिकटले होते, जाडे, पिवळसर, टोकाला तुटलेले. तिने चटईवर तीन दिवस हाताने परतलेले दाणे. माणूस आपलं मूल गर्दीत ओळखतो तसे तिने ते ओळखले.

तिनसुंगने मान वर केली. क्षणभरच. पी वानजिंगकडे नाही, सुईमेनकडे नाही, तिने पारतियालकडे पाहिलं. मग मान खाली.

"चुकलं माझं, पी," ती म्हणाली. "दिवा भरताना हात धुतला नसेल."

"काय म्हणतायत?" आतून सासू ओरडली. "कोण मेलं?"

"कुणी नाही हो आजी!" सुईमेन ओरडून म्हणाली. "तुमच्या सुनेनं तांदळाला वात लावलीय!"

पी वानजिंगने डबा परत केला. ती वाईट बाई नव्हती. तिने तिनसुंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाली, "अगं, तुझं कसं चाललंय ते दिसतंय ना आम्हाला. कशाला ओढाताण करतेस? पुढच्या शनिवारपासून तुझं घर वगळू आपण. देव काही रागवायचा नाही."

तिनसुंगने डबा छातीशी धरला. दाणे आतल्या आत खुळखुळले. "वगळू नका," एवढंच ती म्हणाली, पण इतक्या हळू की पी वानजिंग तोवर पायरी उतरली होती.

पारतियालने पिशवीचं तोंड घट्ट धरलं होतं. बोलायचं असतं तर तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. ती पायरी उतरली. पुढच्या दाराशी बायका गायला लागल्या, आणि तिने नुसते ओठ हलवले.

त्या रात्री ताटातला भात तिला जाईना. पांढरा, लांब, मोत्यासारखा. तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तो बोटं चाटत म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहा. गावाला कळलं तर दुकानात कोण पाऊल ठेवेल? आणि ती बोलली का तुझं नाव?"

"नाही."

"मग झालं तर."

"तेच तर झालं नाही," पारतियाल म्हणाली. "ती बोलली असती तर बरं होतं."

रविवारी चर्चमध्ये तिनसुंग शेवटच्या बाकावर बसली. नेहमी ती मधे बसायची. कुणी मुद्दाम तिला मागे लोटलं नव्हतं. पण गावाला नाक एक असलं तरी तोंडं शंभर असतात. तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. बाहेर पडताना कुणीतरी खोटं खोकलं, कुणीतरी हसलं. पारतियालच्या शेजारची बाई तिच्या कानाशी लागली, "ऐकलं का गं? देवाच्या मुठीत रॉकेल म्हणे." आणि पारतियालच्या तोंडून निघालं, "हो का?"

हो का. ती दोन अक्षरं तिच्या जिभेवर मंगळवारपर्यंत बसून होती, उतरेनात.

मंगळवारी दुपारी चार डबे चांगला तांदूळ पुडक्यात बांधून शालीखाली घेऊन ती तिनसुंगच्या घरी गेली. तिनसुंग ओट्यावर उखळात रानकंद कुटत होती. पारतियालला पाहून तिने मुसळ थांबवलं, घोंगडी झटकून बसायला दिली. पाहुण्याला द्यायला चहा नव्हता, म्हणून उकळलेलं पाणी दिलं. त्यात घरामागचा आल्याचा तुकडा टाकला होता.

पारतियालने पाण्याकडे बघत सुरुवात केली. "तिनसुंग, त्या दिवशीचे ते तांदूळ..."

"तुमचे होते. ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"ते पोतं लॉरीपासून दुकानापर्यंत कुणी वाहिलं, पी? दोन दिवस माझ्या केसांना वास होता. सासू म्हणायची, तू लॉरीवाल्याबरोबर पळालीस की काय!" तिनसुंग हसली आणि पुन्हा मुसळ उचललं. "दाराशी पिशवी आली, तोंड सोडलं, आणि मला कळलं."

"मग बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं असतंस तर..."

"काय बोलू? दारी आलेल्या तांदळाला नावं ठेवू? ज्याने दिलं त्याचं नाव काढायचं नसतं, म्हणून तर पु थांगबिक अंधार पडल्यावर येतात." ती दोन घाव घालून थांबली. "आणि आम्ही खाल्लं की. तीन पाण्यांनी धुतलं, शिजताना कोळसा टाकला. वास पुष्कळ गेला. सासू म्हणाली, आज भाताला शहराचा वास येतोय, सण आहे का?"

पारतियालला हसू आलं नाही.

"पण मूठ कोरडीच काढायची असते ना, पी," तिनसुंग सांगत राहिली. "धुण्याआधी. आमच्या वाटचं आम्ही धुऊन घेतलं, त्याच्या वाटचं धुता आलं नाही. तेवढं एक माझ्या मनाला लागलं होतं. तरी काढली. म्हटलं, त्याने दिलंय, तो ओळखेल."

आता पारतियालच्याने वर बघवेना. तिने शालीखालचं पुडकं पुढे सरकवलं. "हे ठेव. घरातलं आहे. आम्ही खातो तेच."

तिनसुंगने पुडकं उचललं, वास न घेता बाजूला ठेवलं. "ठेवते. घ्यायची लाज नाही मला. घरात दोन तोंडं आहेत. पण पी, माझी मूठ सुरू करा."

"अगं, ते मी वानजिंगला..."

"वीस वर्षं मी लोकांची ओझी वाहतेय. पाठीवरचं काहीच माझं नसतं. आता तर खायचं पण दुसऱ्याच्या दारचं. सगळा गाव मला घेणारी म्हणून ओळखतो." तिने कपाळावरच्या खाचेवरून बोट फिरवलं, जणू तिथे काही लिहिलं होतं. "शनिवारी पिशवी दारी यायची, तेवढी एक वेळ मी देणारी असायची. तुम्ही तीच काढून घेतलीत."

पी वानजिंगने, असं ती म्हणाली नाही. तुम्ही, म्हणाली.

शनिवार उजाडला. पारतियालने पहाटेपासून एक खोटं घोळवलं होतं. फेरी निघताना तिने ते हलकेच पुढे केलं. "पी, तिनसुंगचं घर धरू या ना. तिने आता दिवा दुसरीकडे ठेवलाय म्हणे."

"नको गं," पी वानजिंग म्हणाली. "गरिबाला आणखी लाजवायचं कशाला? आपणच समजून घ्यावं."

"बरोबर," सुईमेन म्हणाली, "नाहीतर पाळकांच्या चुलीचा भडका उडायचा."

बायका हसल्या. चर्चच्या अंगणात होत्या त्या, चारही आळ्यांच्या बायका, आपापल्या पिशव्या घेऊन. खोटं संपलं होतं. पारतियालकडे दुसरं नव्हतं. आता एक तर तिनसुंगच्या दारावरून पिशवी घेऊन गात पुढे जायचं, आज, पुढच्या शनिवारी, मरेपर्यंत. नाहीतर...

"ते रॉकेल माझ्या घरचं," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. पी वानजिंगने कान पुढे केला. "काय?"

"तिनसुंगला पिशवी आमच्या आळीची गेली होती. त्यात माझे तांदूळ होते. दुकानातलं नासलेलं पोतं." आवाज गाण्यात जितका गोड तितकाच आता फाटका झाला. "डुकराला घातलं होतं आधी. त्याने तोंड लावलं नाही. मग मी देवाला घातलं. तीन शनिवार. आणि तिने त्याच तांदळातली मूठ काढली. तुम्ही तिला बोललात तेव्हा मी शेजारी उभी होते. मला ठाऊक होतं. मी उभी राहिले."

सुईमेनच्या तोंडाला जन्मात पहिल्यांदा कुलूप लागलं. तिचा चेहरा हळूहळू कानापर्यंत लाल झाला. स्वतःचे विनोद आठवत असावेत. मागून कुणीतरी पुटपुटलं, "डुकराने नाकारलेलं..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

कुणी शिवी दिली असती तर पारतियालला टेकायला भिंत मिळाली असती. कुणी दिली नाही. पी वानजिंग काठीसारखी उभी होती. मग तिने पुढे होऊन पारतियालच्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली, सावकाश, आजाऱ्याच्या अंगावरची शाल काढावी तशी.

"माझं नाक तेवढं तीक्ष्ण," ती म्हणाली, "बाकी सगळं बोथट. चला."

त्या सगळ्या तिनसुंगच्या दारी गेल्या. पारतियालही गेली, सर्वांत मागे, रिकाम्या खांद्याने. तिनसुंग एवढ्या बायका पाहून घाबरून ओट्यावर आली. पी वानजिंगने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आमचं चुकलं, पोरी. तुझा डबा आण."

तिनसुंग आत गेली. डबा आणला. आठवडाभराच्या मुठी होत्या त्यात. वगळलं तरी ती रोज काढत राहिली होती. पी वानजिंगने डबा पिशवीत ओतला आणि मग ती पिशवी तिनसुंगच्याच खांद्याला अडकवली.

"आता आळीची पिशवी तुझ्याकडे," ती म्हणाली. "वजनाची सवय तुझ्याइतकी कुणाला आहे?"

"काय म्हणतायत?" आतून सासू ओरडली.

"देवाचं ओझं वाहायला सांगतायत!" तिनसुंगने ओरडून सांगितलं.

"मजुरी किती?"

या वेळी हसायला सुईमेनलाही धीर झाला नाही. हसली ती एकटी तिनसुंग.

दुकानात लोक आले, येणारच, दुसरं दुकान कुठे होतं? पण तांदूळ घेताना पोत्यात हात घालून नाकाशी नेऊ लागले, तिच्या डोळ्यांदेखत. पु झालियान गल्ल्यामागून बायकोकडे बघायचा आणि मान फिरवायचा. ते पोतं तिने स्वतः परसात खड्डा खणून पुरलं. त्या जागी पुढे कितीतरी दिवस गवत आलं नाही.

आणि रोज चूल पेटली की ती मडक्यापुढे बसायची. शिजायच्याच तांदळातली मूठ, आठवण ठेवून, सकाळी एक, संध्याकाळी एक. पण मूठ उचलली की नाकाशी न्यायची. वास नसायचा. तरी न्यायची.

पुढच्या शनिवारी गाणं आळीतून वर आलं. आवाज थोडा बेसूर होता. पुढे गाणारी तिनसुंग होती.

देत्या हाताला गं बाई
डोळा देवाने ना दिला
घेत्या पिशवीला मुखी
शब्द देवाने ना दिला

फेरी आता शेवटी पारतियालच्या दारी संपत नव्हती. तिथूनच सुरू होत होती. ती मडकं घेऊन बाहेर आली. मडकं काठोकाठ होतं, तांदूळ पांढरा, लांब. मागे पी वानजिंग, सुईमेन, आळीतल्या दोघी-तिघी, सगळ्या कुठेतरी भलतीकडेच बघत उभ्या.

तिनसुंगने मडकं घेतलं. पारतियालला वाटलं, आता ती नाकाशी नेईल. तिने न्यावं. एकदा तरी बघावं, सगळ्यांसमोर हात घालून, दाणा दाताखाली चावून. ते सोपं गेलं असतं.

तिनसुंगने बघितलं नाही. आजवर सगळ्यांच्या दारी जसं ओतलं जायचं तसंच तिने ते ओतलं, मान वळवून, गाणं न थांबवता. तळाला चिकटलेले दाणे हाताने पुसून घेतले आणि मडकं परत दिलं.

"येते हं, पी," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

पारतियाल रिकामं मडकं पोटाशी धरून दारात उभी राहिली, गाणं वळणाआड जाईपर्यंत. मग ओठ हलवून पाहिले. आवाज अजून येत नव्हता.